नवी, स्वस्तातली इलेक्ट्रिक गिटार घरी आल्यावर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साधारण १० ते २५ हजार रुपयांत मिळणारी, फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर या मॉडेलच्या धाटणीची गिटार घेतलेल्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. मग ती स्क्वायर असो, यामाहा पॅसिफिका असो, कॉर्ट असो किंवा आपल्याकडचा एखादा ब्रँड. पहिल्या दिवशी हाताला आणि कानाला जे खटकतं, त्यातलं बरंचसं सेटअपमुळे, म्हणजे तारांची उंची, नेकचा बाक आणि सूर यांच्या जुळणीमुळे, असतं आणि ते दुरुस्त होतं. जे दुरुस्त होत नाही ते मोजकंच आहे. पण ते परतीची मुदत संपायच्या आत ओळखायला हवं. म्हणून आधी प्रश्न १ आणि १४ वाचा, मग बाकीचे.

१. खोकं आत्ताच उघडलंय. वाजवण्याआधी काय काय बघू?

खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा आणि खोकं टाकून देऊ नका. मे महिन्यात कुरियरच्या गाडीतून आलेली गिटार लगेच एसीच्या खोलीत उघडू नका. काही तास तशीच राहू द्या.

मग गिटार डोळ्यांसमोर धरून बॉडीच्या बाजूने नेककडे, म्हणजे गिटारीच्या लांब मानेकडे, बघा. नेकच्या दोन्ही कडा समांतर दिसल्या पाहिजेत. किंचित बाक असेल तर चालतो, पण पीळ चालत नाही. हेडस्टॉक (नेकचं खुंट्यांकडचं टोक) आणि नेक जुळतात तिथे बारीक तडा आहे का, ते उजेडात पाहा. सगळ्यात जाड आणि सगळ्यात बारीक तार नेकच्या कडांपासून सारख्या अंतरावर आहेत का, तेही बघा. एक तार कडेवरून घसरत असेल, तर बहुतेकदा नेकचे चार स्क्रू किंचित सैल करून नेक सरळ बसवता येते.

यानंतर केबल लावा. पाचही स्विच-जागांवर आवाज येतोय का, नॉब फिरवताना खरखर होते का, केबल हलवल्यावर आवाज तुटतो का, ते तपासा. नॉबची खरखर वीस-तीस वेळा इकडून तिकडे फिरवल्यावर बरेचदा जाते. जॅक (केबल खुपसायची जागा) सैल असेल तर त्याचा बाहेरचा नट आवळताना आतला भाग गोल फिरू देऊ नका, नाहीतर आतली वायर तुटते.

२. पिकगार्डवरचा (तारांखाली बॉडीवर बसवलेल्या प्लास्टिकच्या पत्र्यावरचा) पारदर्शक प्लास्टिकचा कागद काढायचा की राहू द्यायचा?

काढा. तो फक्त प्रवासात ओरखडे पडू नयेत म्हणून असतो. वर्षभर ठेवला तर कडांना धूळ आणि घाम साचून चिकटा धरतो. काढताना अ‍ॅम्प चालू असेल तर कडकड ऐकू येईल. ती स्थिर विजेची असते, त्याने काही बिघडत नाही.

३. इतक्या कमी किमतीत गिटार कशी काय परवडते? कुठे काटकसर केलेली असते?

लाकूड कापण्याचं काम आता संगणकावर चालणारी यंत्रं करतात, त्यामुळे बॉडीचा आकार, नेकची जागा, फ्रेटसाठीच्या (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांसाठीच्या) खाचा या गोष्टी स्वस्त गिटारीतही अचूक येतात. या किमतीच्या बहुतेक गिटारी इंडोनेशिया आणि चीनमध्ये बनतात. कॉर्ट या कोरियन कंपनीचा इंडोनेशियातला कारखाना तर स्वतःच्या नावाबरोबर इतर ब्रँडसाठीही गिटारी बनवतो.

काटकसर होते ती माणसाच्या हाताला वेळ लागतो तिथे: फ्रेटची टोकं घासणं, फ्रेट एका पातळीत आणणं, नटच्या (हेडस्टॉकपाशी तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा योग्य खोलीपर्यंत नेणं आणि शेवटचा सेटअप. म्हणूनच दुकानात वाजवलेली गिटार लोण्यासारखी वाटते आणि त्याच मॉडेलची घरी आलेली हाताला कडक लागते. दुकानातल्या गिटारीवर कुणीतरी अर्धा तास काम केलेलं असतं, तुमच्या गिटारीवर अजून कुणी केलेलं नसतं.

हार्डवेअर आणि इलेक्ट्रॉनिक्समध्येही फरक असतो: ब्रिजचा (बॉडीवर तारा अडकवतात त्या भागाचा) ब्लॉक हलक्या धातूचा, नॉबखालचे पॉट छोटे, स्विच बंद डब्यातला. पहिल्या वर्षात त्यांचा त्रास क्वचितच होतो.

४. सूर टिकतच नाही. एक गाणं झालं की परत ट्यून करावी लागते. गिटार सदोष आहे का?

बहुधा नाही. नव्या तारा ताणल्या जाऊन स्थिरावेपर्यंत उतरतातच. प्रत्येक तार बाराव्या फ्रेटजवळ बोटाने हलके वर ओढा, पुन्हा ट्यून करा, आणि उतरायची थांबेपर्यंत हे करत राहा. सूर चढा असेल तर थेट खाली आणून थांबू नका. आधी नेहमीपेक्षा खाली उतरवा आणि मग खालून वर चढवत सुरात आणा.

ट्यून करताना 'टिंग' असा आवाज येऊन सूर उडी मारत असेल, तर तार नटच्या खाचेत अडकतेय. तार बाजूला करून खाचेत मऊ पेन्सिलीचं शिसं घासा. जाड तारांना मशीन हेडवर (तारा आवळायच्या खुंट्यांवर) दोन-तीन वेढे, एकावर एक न चढता, खाली उतरत गेलेले हवेत. एवढं करूनही फक्त व्हॅमी बार (ब्रिजला लावलेला, सूर हलवायचा दांडा) वापरल्यावर सूर जात असेल, तर प्रश्न १० पाहा. खुंट्यांनाच दोष देऊन नवे मशीन हेड मागवण्याची घाई मात्र करू नका; बहुतेक वेळा अडचण नटमध्ये असते.

५. तारा फार उंच आहेत, बोटं दुखतात. अ‍ॅक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, घरी कमी करता येते का?

येते, पण क्रम चुकवू नका. थेट ब्रिजवर तारा खाली केल्या तर बझ (तार फ्रेटला घासून होणारी खरखर) सुरू होतो, आणि मग मूळ कारण कुठलं हे कळेनासं होतं.

आधी ज्या सुरात वाजवणार त्या सुरात गिटार लावा. मग जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर, अशी एकाच वेळी दोन ठिकाणी दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात साधारण ०.२५ मिमी, म्हणजे व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी फट हवी. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली धातूची सळई) घड्याळाच्या दिशेने आवळायचा, अजिबात नसेल तर उलट दिशेने सैल करायचा. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही, आणि अ‍ॅलन की (सहा कोनांची किल्ली) खाचेत घट्ट बसणारीच हवी. रॉड अडून बसला तर जोर लावू नका, तिथेच थांबा. प्रत्येक बदलानंतर पुन्हा ट्यून करा, कारण ताण बदलला की नेकही हलते.

दुसरी पायरी सॅडलची, म्हणजे ब्रिजवर प्रत्येक तार ज्यावर टेकते त्या तुकड्याची. प्रत्येक सॅडलवर दोन बारीक स्क्रू असतात. बाराव्या फ्रेटवर, तार न दाबता, फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत स्टीलच्या पट्टीने मोजा. जाड तारेला सुमारे २ मिमी, बारीक तारेला सुमारे १.५ मिमी हे सुरुवातीला चांगलं माप आहे. मधल्या तारांची उंची अशी ठेवा की सगळ्या मिळून फ्रेटबोर्डच्या गोलाईला अनुसरतील.

तिसरी पायरी नटची. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबली की पहिल्या फ्रेटवर केसाएवढीच फट उरली पाहिजे. त्याहून बरीच जास्त असेल तर पहिल्या तीन फ्रेटवर जोर लागतो आणि सूर चढा ऐकू येतो. ई मेजरसारखा साधा कॉर्ड बेसूर वाटण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे. नवशिक्याला वाटतं आपल्या बोटातच दोष आहे, आणि तो गिटार कोपऱ्यात उभी करून ठेवतो. फार वाईट वाटतं हे ऐकून. नटच्या खाचा कापायला त्या त्या जाडीच्या कानशी लागतात आणि जास्त कापलेलं परत सहज भरता येत नाही. म्हणून हे एवढं एक काम जाणकाराकडून करून घ्या.

हे सगळं झाल्यावर प्रश्न ७ मधलं इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागणं) तपासा.

६. काही जागी तार खर्रर्र करते. हा बझ कितपत चालतो?

आधी अ‍ॅम्प लावून ऐका. गिटार नुसती, केबलविना वाजवताना ऐकू येणारा हलका बझ अ‍ॅम्पमधून येत नसेल आणि सूर मध्येच मरत नसेल, तर तो सोडून द्या. बारीक तारा आणि खाली अ‍ॅक्शन असलेल्या गिटारीत तेवढा असतोच.

अ‍ॅम्पमधूनही येत असेल तर जागा पाहा. फक्त मोकळ्या तारेवर असेल तर नटची खाच खोल झालीय. पहिल्या चार-पाच फ्रेटवर असेल तर नेक गरजेपेक्षा सरळ किंवा उलटी वाकलीय. वरच्या फ्रेटवर सगळीकडे असेल तर सॅडल फार खाली आहेत. एकाच फ्रेटवर असेल तर त्याच्या पुढचा फ्रेट वर उचललेला आहे. स्टीलच्या पट्टीची सरळ कड तीन फ्रेटवर आडवी ठेवून हलवली की डुगडुगते. असा एखादाच फ्रेट असेल तर तो बसवून किंवा घासून घेता येतो, बरेच असतील तर प्रश्न १४.

७. मोकळ्या तारा सुरात आहेत, पण वरच्या बाजूला वाजवलं की बेसूर लागतं. असं का?

हे इंटोनेशन. बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर बोट नुसतं टेकवून निघणारा हार्मोनिक आणि तीच तार तिथे दाबून निघणारा सूर ट्यूनरवर तंतोतंत जुळले पाहिजेत. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, म्हणजे नेकपासून दूर न्या. उतरलेला असेल तर नेककडे आणा. तारा जुन्या आणि गंजलेल्या असतील तर ही खटपट व्यर्थ जाते, आधी तारा बदला. बेसूरपणा फक्त पहिल्या तीन फ्रेटवर असेल तर तो नटचा दोष आहे, प्रश्न ५ पाहा.

८. नेकच्या कडेवरून हात फिरवला की फ्रेटची टोकं टोचतात. डिसेंबरात घेतली तेव्हा असं नव्हतं.

लाकूड कोरड्या हवेत आकसतं, धातू आकसत नाही, आणि फ्रेटची टोकं बाहेर येतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात आणि सतत एसी चालणाऱ्या खोलीत हे हमखास होतं. गिटारीला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. पावसाळ्यात टोकं पुन्हा आत गेल्यासारखी वाटतात, पण नेक हलल्यामुळे तेव्हा अ‍ॅक्शन बदललेली असते. म्हणून वर्षातून दोनदा, मृगाच्या आसपास आणि थंडी संपताना, प्रश्न ५ मधली फट तपासावी.

पहिल्याच दिवसापासून टोचत असेल तर टोकं नीट घासलेली नाहीत. फ्रेटबोर्डला मास्किंग टेप लावून बारीक कानशीने ती गोल करता येतात. कुणाकडून करून घेतलं तरी काम थोडक्यात होतं, आणि गिटार एकदम महाग वाटायला लागते.

९. अ‍ॅम्प चालू केला की सतत 'गुंऽऽ' आवाज येतो. तारांना हात लावला की कमी होतो. पिकअप खराब आहेत का?

नाही, आणि हात लावल्यावर आवाज कमी होतोय म्हणजे गिटारीतली अर्थची वायर जागेवर आहे. हात लावल्यावर आवाज वाढत असेल तर मात्र ब्रिजकडे जाणारी वायर तुटली आहे का, ते पाहून घ्या.

सिंगल कॉइल पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली हजारो वेढ्यांची तार. ती तारेची थरथर पकडते तशी घरातल्या विजेची लहरही पकडते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून तो गुणगुणाट तेवढ्याच खालच्या सुरात आणि त्याच्या पटींत ऐकू येतो. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये उलट दिशेने जोडलेल्या दोन कॉइलचा हंबकर याच त्रासावर उपाय म्हणून तयार केला. तुमच्या गिटारीत ब्रिजपाशी हंबकर असेल तर त्या जागेवर आवाज जवळजवळ नाहीसा होईल. तीन सिंगल कॉइल असतील तर स्विच दुसऱ्या आणि चौथ्या जागी करून बघा. मधला पिकअप उलटा गुंडाळलेला असेल तर तिथेही आवाज पडतो.

बाकी, जागा बदला. पंख्याचा रेग्युलेटर, डिमर, चोकची जुनी ट्यूबलाइट, मोबाईलचा चार्जर यांच्यापासून दूर बसा, आणि गिटार थोडी फिरवून कुठल्या दिशेला आवाज सर्वांत कमी होतो ते शोधा.

१०. व्हॅमी बार वापरला की सगळंच बेसूर होतं. एक तार लावली की बाकीच्या उतरतात. काय करू?

१९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरपासून चालत आलेला हा ब्रिज एका बाजूला तारांचा आणि दुसऱ्या बाजूला मागच्या स्प्रिंगांचा ताण यांच्या तोलावर उभा असतो. एक तार आवळली की ब्रिज पुढे झुकतो आणि बाकीच्या तारा सैल होतात. ही रचनाच तशी आहे.

नवशिक्यांना माझा आग्रहाचा सल्ला: पहिलं वर्ष ब्रिज बॉडीला टेकवून ठेवा. मागचं झाकण काढा, स्प्रिंग अडकवलेल्या पट्टीचे दोन स्क्रू आवळत न्या, ब्रिज बॉडीवर सपाट बसला की थांबा आणि पुन्हा ट्यून करा. बार खाली दाबता येईल, वर ओढता येणार नाही. पण गिटार सुरात राहील, आणि एखादी तार तुटली तरी बाकीच्या पाच बेसूर होणार नाहीत. ब्रिज खाली आल्याने अ‍ॅक्शनही कमी होते, तेव्हा प्रश्न ५ मधली मापं यानंतर घ्या.

११. मुलाला गिटार घेऊन दिली, अ‍ॅम्प नंतर घेऊ म्हटलं. घरातल्या होम थिएटरला लावली तर आवाज मिणमिणता येतो. काही बिघडेल का?

कमी आवाजात लगेच काही बिघडणार नाही, पण गिटार कशी आहे हे त्यावरून ठरवू नका. गिटारीच्या पिकअपला सुमारे १० लाख ओहमचा इनपुट लागतो. होम थिएटर किंवा कराओके स्पीकरचा इनपुट त्याच्या मानाने फार कमी ओहमचा असतो, त्यामुळे आवाजातली सगळी धार गळून पडते. हेडफोनची सोय असलेला १० वॉटचा सराव-अ‍ॅम्प किंवा छोटा ऑडिओ इंटरफेस (गिटार लॅपटॉपला जोडणारा डबा) आणि त्यासोबत लॅपटॉपवरचं अ‍ॅम्पचं सॉफ्टवेअर, दोन्ही चालतील. फ्लॅटमध्ये राहत असाल तर हेडफोनची सोय आधी बघा. मुलाला रात्री नऊनंतरही वाजवता आलं पाहिजे.

१२. तारांना हात लावला की झिणझिण्या येतात. हे नॉर्मल आहे का?

नाही. वाजवणं थांबवा आणि केबल काढा.

प्रश्न ९ मधला गुणगुणाट आणि हा झटका या वेगळ्या गोष्टी आहेत. गिटारीच्या तारा केबलमधून अ‍ॅम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात. घरातल्या प्लगला अर्थिंगच नसेल, किंवा कुणी अ‍ॅम्पची तिसरी पिन काढून टाकली असेल, तर गळतीचा प्रवाह तारांपर्यंत येतो. लॅपटॉपला दोन पिनांचा चार्जर लावून इंटरफेसमधून वाजवतानाही सौम्य झिणझिण्या येतात. तेव्हा चार्जर काढल्यावर त्या थांबतात का, ते पाहा. जुन्या वाड्यात किंवा चाळीत राहत असाल तर इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या.

गणपतीच्या मांडवात वाजवणाऱ्यांनी इथे फार जपायला हवं. गिटारीचा अ‍ॅम्प एका बोर्डावर आणि माईकची साउंड सिस्टीम दुसऱ्या बोर्डावर असली, तर तारांवर हात ठेवून माईकला ओठ लागताच जबर झटका बसू शकतो. दोन्ही एकाच अर्थ केलेल्या बोर्डावरून घ्या, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवायला सांगा, आणि ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून वाजवू नका. कार्यक्रम उशिरा सुरू झाला तरी चालेल.

१३. फ्रेटबोर्ड 'इंडियन लॉरेल'चा लिहिलाय. हे हलकं लाकूड आहे का? त्याला तेल लावायचं का?

तो आपला ऐन. सह्याद्रीत आणि विदर्भाच्या जंगलात मगरीच्या पाठीसारख्या सालीचा जो उंच वृक्ष दिसतो, तोच. गडचिरोली-भंडाऱ्याकडे त्याच्या पानांवर टसर रेशमाचे किडे पोसतात. २०१७ च्या जानेवारीत शिसवाच्या सगळ्या जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या, करारानुसार नियंत्रणाखाली आला, आणि स्वस्त गिटारींत शिसवाऐवजी ऐनाचा वापर बराच वाढला. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना सवलत मिळाली, तरी ऐन टिकून राहिला. तो घट्ट आणि टिकाऊ आहे. शिसवापेक्षा रंगाला फिका आणि रेषांना ठळक असतो, एवढंच.

नवा फ्रेटबोर्ड कोरडा, राखाडी दिसत असेल तर फ्रेटबोर्डसाठीच्या तेलाचे चार थेंब कापडावर घेऊन पुसा, पाच मिनिटांनी कोरडं करा. वर्षातून दोनदा पुरे. खोबरेल तेल नको, ते खवट होतं. मेपलचा चकचकीत फ्रेटबोर्ड असेल तर तेल लावायचंच नाही.

बॉडीच्या लाकडाची फार चिंता करू नका. पॉप्लर असो वा बासवुड, पहिल्या दोन वर्षांत तुमच्या कानाला पिकअपची उंची जास्त जाणवेल. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पिकअपपर्यंत सुमारे २ ते २.५ मिमी अंतर ठेवा. सिंगल कॉइल याहून बराच जवळ असेल तर चुंबक जाड तारा ओढतं आणि सूर लहरतो. हे स्क्रूड्रायव्हरने, फुकटात सुधारतं. पिकअप बदलायचा विचार त्यानंतर करा, आणि तोही चांगला अ‍ॅम्प घेऊन झाल्यावर.

१४. नेमकी कधी परत करावी?

नेकला पीळ असेल. ट्रस रॉड कुठल्याच दिशेला फिरत नसेल, किंवा फिरूनही नेक हलत नसेल. बरेच फ्रेट वर आलेले असतील. हेडस्टॉकपाशी तडा असेल. नेक बसवायची खाच इतकी वाकडी असेल की प्रश्न १ मधला उपाय करूनही तार कडेवरून घसरते. यातलं एकही दिसलं तर 'स्वस्तातली आहे, चालायचंच' असं म्हणू नका. पैसे तुमचे आहेत, आणि अशा गिटारीवर शिकणारा लवकर कंटाळतो.

रंगावरचा लहानसा ठिपका, खरखरणारा नॉब, उंच अ‍ॅक्शन, प्रश्न ९ मधला गुणगुणाट यांसाठी परत करू नका. बदलून येणारी गिटारही तशीच असेल.

१५. कोकणात राहतो. पावसाळ्यात तारा पंधरा दिवसांत काळ्या पडतात.

वाजवून झालं की तारा वरून आणि खालून सुती कापडाने पुसा. गिटार भिंतीला टांगण्याऐवजी बॅगेत, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, आणि पुड्या रंग बदलल्या की सुकवा. बाहेरच्या भिंतीला ओल येत असेल तर बॅगही तिथे टेकवू नका. लेप दिलेल्या तारा महाग असतात, पण दमट हवेत आणि घामट हातांना त्या परवडतात.

१६. आमच्या भजनी मंडळात पेटीची पट्टी काळी एक किंवा काळी दोन असते. गिटार त्या सुरात लावली तर चालेल का?

चालेल, आणि सोयीचंही पडेल. सगळ्या तारा अर्ध्या सुराने उतरवा. मग ई च्या आकारातले कॉर्ड काळी दोनला आणि डी च्या आकारातले काळी एकला बसतात, आणि सा मोकळ्या तारेवर मिळतो.

पण ताण कमी झाल्याने नेक थोडी सरळ होते, म्हणजे बझ येऊ शकतो; आणि ब्रिज तरंगता असेल तर तो आत बसतो. कायम याच सुरात वाजवणार असाल तर कारखान्यातून आलेल्या ९-४२ च्या तारा काढून १०-४६ च्या, म्हणजे थोड्या जाड (आकडे इंचाच्या हजाराव्या भागातले), लावा, आणि प्रश्न ५ मधला सगळा क्रम नव्या सुरात पुन्हा करा. कधीमधीच वाजवणार असाल तर तारा उतरवू नका. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावा. डी चा आकार काळी दोनला आणि सी चा काळी एकला लागेल. कॅपो फ्रेटला अगदी चिकटून आणि गरजेपुरताच घट्ट हवा, नाहीतर तारा चढतात.

जुनी पेटी ट्यूनरच्या ४४० हर्ट्झच्या मापाशी जुळेलच असं नाही. पेटीवाल्यांना मध्यम, एकसारखा भाता ठेवून सा धरायला सांगा, ट्यूनरवर तो किती चढा-उतरा दिसतोय ते पाहा, ट्यूनरचा आकडा तेवढा सरकवा आणि मग सहाही तारा लावा.